नाकावरचे पाच ठिपके

फोटोतल्या विमानाच्या नाकावरचे पाच ठिपके फोटो साफ करणाऱ्या यंत्राने तिसऱ्यांदा पुसले, तशी शाल्मली वैतागली. संग्रहालयाचे जुने फोटो साफ करता करता तिला एवढं कळलं होतं, की फिल्मवरचे बारीक दाणे प्रत्येक फोटोत जागा बदलतात. हे ठिपके मात्र या विमानाच्या तिन्ही फोटोंत जागचे हलले नव्हते. तिने यंत्राला तेवढाच भाग स्पष्ट करायला लावला.

सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या ठिपक्यांत बोटांच्या रेषान् रेषा उमटल्या. मधल्या बोटावर तिरका व्रण होता.

शेजारी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या इंदुमतीबाई कोळंबकर बसल्या होत्या. या विमानाचे पत्रे जोडणारे रिवेट आपण ठोकले, असं त्या कधीपासून सांगत होत्या; पण कारखान्याच्या हजेरीपटात एकाही बाईचं नाव नव्हतं.

त्यांनी उजवा हात संगणकाच्या पडद्यापाशी धरला. तोच व्रण.

“खंडेनवमीला सगळे हत्यारं पूजत होते, मी विमानालाही कुंकवाची बोटं लावली. साहेब केवढे ओरडले! डाग पाडलास म्हणाले.”

फोटोखाली विमान बांधणाऱ्या चार पुरुषांची नावं होती. शाल्मलीने त्यांच्या वर पाचवं नाव लिहिलं आणि यंत्राला सांगितलं, “आता बाकीचं साफ कर. डाग तेवढा राहू दे.”