संघटनेला माणूस हवा

"नाय दादा, मना नाय जमाचा," गोटीराम म्हणाला आणि त्याने ब्रश पुन्हा रंगाच्या डब्यात बुडवला. "होड्यांवर नावं रंगवनारा मानूस मी. अध्यक्ष होऊन मीटिंगमधी काय बोलनार?"

सारसोळ्याच्या जेट्टीवर पालथ्या घातलेल्या क्रेटवर श्यामसुंदर बसले होते. शेजारी चारुलताबाई उभ्या होत्या, नवऱ्याच्या डोक्यावर छत्री धरून.

"बोलायचं काय असतं त्यात? मी तरी काय बोलतो?" श्यामसुंदर म्हणाले. "भांडणं लागली की मिटवायची. गणपतीत कमानींची कामं वाटून द्यायची. कोणी परांचीवरून पडला, तर त्याचं अर्धं राहिलेलं काम सगळ्यांनी मिळून पुरं करायचं आणि मजुरी त्याच्या घरी पोचती करायची. झालं!"

"मंग तुमीच करा ना."

"अरे, माझं काय खरं आहे का आता?"

गोटीरामने ब्रश डब्याच्या कडेवर निथळला. त्याने एकदा चारुलताबाईंकडे पाहिलं आणि होडीवरची वेलांटी उगाचच पुन्हा गिरवली.

"घ्या ना हो भावजी," चारुलताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "यांच्या जिवाला तेवढीच शांती."

"नाय वयनी. माफी करा."

बोर्ड रंगवणाऱ्यांची ही संघटना श्यामसुंदरांनी उभी केली, तेव्हा इथल्या इमारतींना नुसते नंबर होते. पुढे सोसायट्यांची नावं, दवाखान्यांच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, सगळं या माणसांच्या हातांनी लिहिलं. पदाला पगार नव्हता, मान तर नव्हताच. घरचं खाऊन करायचं काम. श्यामसुंदरांनी ते देवपूजेसारखं केलं.

मग पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी चारुलताबाईंना बाजूला घेऊन दसऱ्यापर्यंतचं सांगितलं. दसरा गेला, दिवाळी गेली. मार्गशीर्ष लागला, तरी श्यामसुंदर सकाळी दाढी करून माणूस शोधायला निघतच होते. खुर्चीवर कोणीतरी बसू दे, मग मी सुटलो, असं येईल त्याला सांगायचे.

"लेकाचा भित्रा!" रिक्षात बसता बसता ते करवादले. "समुद्राला घाबरत नाही आणि मीटिंगला घाबरतो!" सकाळपासून पांढराफटक असलेला त्यांचा चेहरा रागाने जरा लाल झाला होता. "बेलापूरला घे रे."

"घरी जाऊ या का? दमलात तुम्ही."

"दमलो तर दमलो. कासिम नाही म्हणायचा नाही. त्याच्या हातात पहिला ब्रश मी दिलाय."

चारुलताबाईंनी पिशवीतून केळं काढून सोललं. त्यांचा स्वतःचा गुरुवारचा उपास होता. कालपासून अन्नाला न शिवलेल्या श्यामसुंदरांनी केळं तावातावाने संपवलं. त्या बघत राहिल्या.

बेलापूरला कासिमच्या दुकानात रंगाचा वास नव्हता. कॉम्प्युटरला जोडलेली मशीन स्टिकरमधून अक्षरं कापत होती.

"काका! तुमी कशाला आलात? मला बोलवायचं ना." कासिमने धावत येऊन खुर्ची पुसली. "काकी, बसा."

"बसायला नाही आलो. अध्यक्ष हो. बाकी काही मागत नाही."

कासिमने नजर खाली घातली. मग पाठ केल्यासारखा एका दमात बोलला, "टाइम नाही, काका. आणि संघटना कशाला पाहिजे आता? ही मशीन अक्षरं कापते, चिकटवली की झालं. परांची नाही, पडायचं टेन्शन नाही. पेंटर लोकांचे दिवस गेले."

"हे तू बोलतोस?"

"खरं तेच बोलतोय."

श्यामसुंदरांनी मशीनमधून निघालेलं एक अक्षर बोटाने चाचपून पाहिलं.

"आपल्यात कोणाचं काम अर्धं राहू देत नाहीत, कासिम. माझंच ठेवणार?"

कासिमचे ओठ हलले. चारुलताबाई त्याच्याकडेच बघत होत्या.

"असं नका करू, कासिमभाऊ," त्या म्हणाल्या. "आशेने आलेत हो ते."

"नाही जमणार, काकी." त्याने मशीन बंद केली.

श्यामसुंदर पोट दाबून धरत उठले. "झोप नाही रे मला. गोळीनेसुद्धा दुखायचं थांबत नाही. पुरे झालंय आता सगळं." बोलता बोलता ते दाराशी थांबले, वळले, आणि त्यांचा आवाज एकाएकी चढला. "पण तू नाहीस, तर जुईनगरचा अम्मार आहे! तो नाही तर आणखी कोणी. माणूस बसवल्याशिवाय मी काही जात नाही, सांगून ठेवतो!"

चारुलताबाईंनी पुढे केलेला हात झिडकारून ते एकटेच पायरी उतरले आणि रिक्षाकडे चालू लागले.

चारुलताबाई क्षणभर मागे राहिल्या. कासिम भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"काकी, माझ्याच्यानं हे परत होणार नाही," तो म्हणाला. "किती दुखतंय त्यांना. मला हो म्हणू द्या."

चारुलताबाईंनी पदर सावरला. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"अम्मारकडे उद्या नेते त्यांना. तुम्ही आजच फोन करून त्याला सांगा, काय वाट्टेल ते कारण दे, पण हो म्हणू नकोस."