एक्कावन्न सालची शिरगणती

"मोठ्या वादळाच्या रात्री तुम्ही काय करत होतात?" पेन्शनवाल्या साहेबाने विचारले.

"बटाटा खात होते," गॉबनेट क्रोनिन म्हणाली.

साहेबाने लेखणी खाली ठेवली. सकाळपासून आलेला प्रत्येक म्हातारा त्या रात्री बटाटाच खात होता. ज्याला अठराशे एकोणचाळीस सालचे ते वादळ आठवते त्याने सत्तरी गाठलेली असणार, हे आता गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक झाले होते. आणि सत्तरीनंतर सरकारकडून आठवड्याला पाच शिलिंग मिळणार म्हटल्यावर कोणाची आठवण ताजी होणार नाही?

"कागद लागतो, बाई. जन्माचा दाखला."

"आमच्या वेळी जन्मायला दाखला लागत नव्हता, साहेब. आई असली की भागायचं."

साहेबाला हसू आले. "मग डब्लिनला लिहा. अठराशे एक्कावन्न सालच्या शिरगणतीत शोधून देतील. आईबापांची नावं आणि तेव्हाचं गाव कळवा, म्हणजे झालं."

घरी तिच्या भावाने, टाइगने, हे ऐकले आणि तोंड फिरवले. दोघांचीही लग्ने झाली नव्हती. एकाच चुलीपाशी दोघे म्हातारे झाले होते. वसंतात टाइगची पाठ धरली, काम सुटले, आणि तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता: थंडी पडली की मी गरीबखान्यात जातो.

"मेलेल्यांना कशाला उठवतेस?" तो म्हणाला.

"आईबापांची नावंच तर द्यायचीत. त्यात काय चोरी आहे?"

"राहू दे म्हणतो ना. मी गेलो की एक तोंड कमी."

"जा की! तिथे लापशी मिळेल, पण तुला रोज शिव्या कोण घालणार?" मग तिचा आवाज खाली आला. "पाच शिलिंगांत दोघांचं भागतं, टाइग. माझा भाऊ आहेस. या चुलीवर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे."

टाइग मानी गडी. सख्ख्या बहिणीचे बसून खातानाही त्याचा घास अडायचा. परक्याच्या घरी तर तो पाण्यालाही शिवला नसता.

शेवटी गॉबनेट एकटीच लिनेहन मास्तरांकडे गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मास्तरांनी अर्ज भरला. वडील कॉर्मक, आई शिबेल. गाव डोंगरापलीकडचे. क्रोनिन मंडळी तिथून दुष्काळानंतर इकडे आली होती. आता तिथे फक्त मेंढ्या नांदत होत्या.

"टाइगचंही नाव घालू का? पुढे त्यालाही लागेल."

"त्याला कुठे सत्तरी लागलीय अजून? माझ्यापुरतंच लिहा."

पाने गळायला लागली तेव्हा उत्तर आले. मास्तरांचा निरोप मिळाला तसा टाइगही निघाला. पाठ धरून, कण्हत. पण शाळेच्या आत काही आला नाही. बाहेर दगडी कुंपणावर बसून पाइप भरत राहिला.

मास्तरांनी चष्मा चढवला. "कॉर्मक क्रोनिन, घरचा कर्ता. शिबेल, बायको. गॉबनेट, मुलगी, वय बारा."

"आईचं नाव पुन्हा वाचा ना," गॉबनेट म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा वाचले. तिला रडू आले. आईचे नाव परक्याच्या तोंडून ऐकून किती वर्षे लोटली होती!

"म्हणजे तू सत्तरी ओलांडलीस, बाई. पेन्शन झाली समज." मास्तरांनी कागद उलटला. "मागे आणखी आहे. आधीच्या दहा वर्षांत घरातलं कोण गेलं, तेही त्यांनी उतरवून घेतलं होतं." ते वाचू लागले. "टाइग, मुलगा. वय पाच. सत्तेचाळीस साली, तापाने..."

ते थांबले. पुन्हा पहिल्या बाजूला गेले, जिवंतांची नावे बोटाने तपासली आणि मग खिडकीबाहेर पाहिले.

"मग बाहेर कोण बसलंय?"

गॉबनेटने आधी दार ओढून घेतले.

"तोही टाइगच," ती हळू म्हणाली. "त्या शिरगणतीनंतरच्या हिवाळ्यात आईनं त्याला रस्त्यावरून उचलून आणलं. त्याची आई शेजारीच पडली होती, गार. चारेक वर्षांचं पोर, हाडंच नुसती. आमच्या टाइगचा सदरा आईनं जपून ठेवला होता, तो त्याला घातला. आणि मग नावही तेच पडलं. त्याला यातलं काही आठवत नाही, मास्तर. कधी सांगणार नाही म्हणून आईनं मला शपथ घातली होती. तुम्हीही बोलू नका. आपण इथले नाही हे कळलं, तर तो आज रात्रीसुद्धा माझ्या घरात थांबायचा नाही."

मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

ती बाहेर आली. टाइगने वर पाहिले नाही.

"मिळाली नोंद?"

"मिळाली."

"आणि... काय काय होतं त्यात?"

"काय असणार? सगळं घर होतं. बाबा, आई, मी." गॉबनेटला खोटे बोलायची सवय नव्हती. तिने शालीचे टोक घट्ट धरले. "आणि तू."

"मी?"

"मग! टाइग, मुलगा, वय चार. मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं. विश्वास नसेल तर विचार त्यांना."

टाइगने पाइपातली राख कुंपणावर झाडली. मग त्याने तिच्यापुढे हात केला, आणि तिचा आधार घेत हळूहळू कुंपणावरून उतरला. उतरल्यावरही त्याने तो हात सोडला नाही.

"चल घरी, ताई," तो म्हणाला. "त्या साली माझी आई मला फिनीन म्हणायची."