सातव्या पिंपातले गोटे

पहिल्या टाकीत एकसष्ट. दुसरीत अठ्ठावन्न. तिसरीत सत्तर, चौथीत सहासष्ट, पाचवीत एकोणपन्नास, सहावीत त्र्याहत्तर. एकूण तीनशे सत्याहत्तर मेलेले मासे. प्रत्येक टाकीत ऐंशी होते. सातवीत मात्र ऐंशीच्या ऐंशी जिवंत होते आणि खाणं मागत काचेवर तोंडं आपटत होते.

पाणी तपासणाऱ्या मुलीने आकडे वहीत लिहिले. मामांनी जाळी बाजूला ठेवली. या मत्स्यकेंद्रात बावीस वर्षं तेच माशांना खाऊ घालत होते. आज सकाळपासून त्यांनी बादल्याच भरल्या होत्या.

मॅनेजर आत आला तो हातात टाईप केलेला कागद घेऊन.

"मामा, इथे सही करा. खाद्य जास्त पडलं, पाणी कुजलं, चूक माझी. एवढंच आहे. अकराला पाहुणे येतायत, त्यांना काहीतरी सांगायला नको?"

"आणि सही केल्यावर?"

"उद्यापासून घरी आराम करा. वय झालं तुमचं."

मामांनी पत्र्याचा चेपलेला डबा त्याच्यासमोर धरला. "सातही टाक्यांना याच डब्याने घालतो. रोज एकेक डबा, शिगोशीग. मग सातवीतले काय डाएटवर होते?"

"तेच विचारतोय मी. सातवीच कशी वाचली?"

मामांची नजर सातव्या टाकीखालच्या पिंपाकडे गेली.

प्रत्येक टाकीखाली एक निळं पिंप होतं आणि पिंपात गोटे. टाकीतलं पाणी त्या गोट्यांमधून फिरून परत वर जाई. सोमवारी मॅनेजरने पाहुण्यांसाठी सगळी पिंपं उपसायला लावली होती. गोटे ब्लीचिंग पावडरने घासले, दोन दिवस उन्हात वाळवले, परत भरले. मुलगी सोमवारपासून रजेवर होती, आजच परतली होती. आता तिने एकेक झाकण उघडलं. सहा पिंपांत गोटे घासलेल्या दातांसारखे पांढरे होते. सातव्यात तपकिरी होते, हाताला बुळबुळीत लागत होते.

तिने मामांकडे पाहिलं.

"सहा पिंपं झाली आणि पावडर संपली," मामा म्हणाले. "हे साहेब म्हणाले, दुसरं पोतं आणा. मी आणलं नाही. धुतले म्हणून सांगितलं आणि झाकण लावून टाकलं."

"का?"

"जिवावर आलं. आम्ही हे गोटे टाकीच्याच पाण्यात नुसते खळबळतो, कधी घासत नाही. या बुळबुळीवर सगळं चालतं एवढं मला ठाऊक. का चालतं, ते तू शिकलीस, बाळ. तू सांग."

ती मॅनेजरकडे वळली.

"मासे जे बाहेर टाकतात, त्याचा पाण्यात अमोनिया होतो. तो विषारी असतो. या थरात जिवाणू आहेत, ते तो संपवतात. गोटे म्हणजे नुसती त्यांची घरं. तुम्ही सहा वस्त्या मारल्यात आणि घरं पांढरी करून मांडलीत. चार दिवस हे मासे स्वतःच्याच घाणीत मरत होते. तुम्ही मला एक फोन तरी करायला हवा होता."

"साफसफाई करायला तुमची परवानगी काढायची का, मॅडम?"

"हो."

मॅनेजर हसला. मग मामांकडे पाहून त्याने खिशातलं पेन काढलं. "म्हणजे तुम्ही माझं ऐकलं नाहीत. वर खोटं बोललात. बरं झालं, स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत. हेही लिहून घेतो." त्याने कागदावर दोन ओळी खरडल्या आणि सातव्या पिंपाकडे बोट केलं. "आणि ही घाण पाहुण्यांना दिसता कामा नये. नवं पोतं आलंय. घ्या धुवायला."



मामांनी झाकण उचललं, पिंपावर बसवलं, कडेने चारी बाजूंनी दाबलं. मग ते त्यावर बसले.

"धुवा," ते म्हणाले. "माझ्यासकट धुवा."

"मामा, उठा."

"बावीस वर्षं उभाच आहे. आज पहिल्यांदा बसलोय."

मॅनेजरने त्यांचा दंड धरला. मामांनी त्याच्या हाताकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पाहुणे फाटकाशी आले होते, वीस मिनिटं आधीच. त्याने दंड सोडला, कागद दाराजवळच्या टेबलावर आपटला. "मी त्यांना आधी ऑफिसात नेतोय. परत येईपर्यंत उठला नाहीत, तर बघतोच!"

तो गेल्यावर मुलीने सात काचनळ्या घेतल्या. प्रत्येक टाकीचं पाच मिली पाणी, वर अमोनिया तपासायच्या औषधाचे मोजून थेंब. तिसऱ्या नळीत एक थेंब जास्त पडला. ती नळी तिने ओतून दिली आणि पुन्हा भरली. पाणी पिवळं दिसलं, तर त्यात अमोनिया नाही. हिरवा जितका गडद, तितका जास्त. पाच मिनिटं थांबायचं असतं. ती घड्याळ बघत थांबली.

"उठू का गं?" मामांनी मध्येच विचारलं. "पाय बधिर झाला."

"अजिबात नाही."

टेबलावर पांढरं कापड होतं, त्यावर स्वागताचे चार पुष्पगुच्छ. तिने ते उचलले आणि बादलीत, मेलेल्या माशांवर ठेवले. टेबलावर फक्त मॅनेजरचा कागद राहिला. त्या कागदावर तिने नळ्यांचा स्टँड ठेवला. रंगांची पट्टी शेजारी उभी केली.

बाहेर बुटांचे आवाज आले. मॅनेजर कुणाला तरी सांगत होता, "या, या, आमच्याकडे स्वच्छता हा पहिला नियम."

दार उघडलं.

पहिली ते सहावी नळी: गडद हिरवी, लिटरला आठ मिलिग्रॅम. सातवी: पिवळी, शून्य.