कडक क्लच

हितेंद्रने उतरवलेली क्लचप्लेट जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि ती रुपालीसमोर सरकवली. प्लेट कडेपर्यंत काळी पडली होती. परळच्या पुलालगतच्या त्या गॅरेजात करपट वास पसरला.

"रुपालीमॅडम, ही एका दिवसात जळालेली नाही," तो म्हणाला. "कुणीतरी पेडलवरून पाय काढतच नाही."

रुपालीने प्लेट उलटून पाहिली. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची ही एकुलती एक गाडी. जुनी, लहानशी हॅचबॅक. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या. कुणाचा पाय, हे तिला ठाऊक होते.

"माजाच पाय तो," मागे टायरांच्या थप्पीवर बसलेल्या मीराबाई म्हणाल्या. गाडी बंद पडली तेव्हा त्याच चालवत होत्या. म्हणून आज शीव कोळीवाड्यातून मुद्दाम आल्या होत्या. "सांग त्याला. लपवतेस कशाला?"

"मावशी, शिकताना सगळ्यांचेच क्लच जळतात."

"जलतात गो. पन माजी कढईसुदा इतकी जलत नाय."

हितेंद्र हसला. त्याने बाकावर दोन खोकी मांडली. "हा कंपनीचा सेट. मऊ आहे. पण असाच पाय टेकलेला राहिला, तर दिवाळीआधी परत याल. आणि हा टॅक्सीवाले टाकतात तो. कडक स्प्रिंग. नुसत्या टेकलेल्या पायाला हा दाद देत नाही. प्लेट टिकेल. गुडघ्याचं विचारू नका."

रुपालीचा हात मऊ सेटच्या खोक्याकडे गेला. मीराबाईंनी तो वरच्या वर धरला.

"पाय का निगत नाय, ठावं हाय तुला?"

त्या खाली फरशीवर बसल्या. शेजारचा पुठ्ठा ओढून त्यांनी त्यावर डावे पाऊल दाबून ठेवले. "मासली कापताना इली अशी पायाखाली. पाय उचलला की इली हालते. इली हालली की बोट गेलं. आयशीनं मना पयलं हेच शिकवलं, पाय उचलायचा नाय. इतकी वर्सं तिचं ऐकलं. आता तू म्हन्तेस काढ. मी म्हन्ते काढला. आन् तो तितंच असतो."

रुपाली त्या पावलाकडे पाहत राहिली. कित्येक सकाळी ती शेजारच्या सीटवरून याच पावलावर वैतागली होती.

"मग मुलाला पाठवा ना शिकायला," हितेंद्र म्हणाला.

"मुलगा एसीत बसतो. त्याला बांगड्याचा वास येतो."

कोळीवाड्यातल्या चौघींनी मिळून एक जुना टेम्पो घेतला होता. भाड्याचा ड्रायव्हर मर्जीने यायचा; ससून डॉकला पोचेपर्यंत लिलाव आटोपलेला असायचा आणि चौघींच्या टोपल्यांत उरलीसुरली मासळी पडायची. म्हणून चौघींपैकी एकीने चालवायला शिकावे असे ठरले. बाकीच्या तिघींनी मीराबाईंचे नाव घेतले होते.

"टेम्पोचा क्लच दगड हाय," मीराबाई उठत म्हणाल्या. "मऊवर शिकून मी करू काय? कडक बसव."

"गाडी तुमच्या एकट्यांची नाही, मावशी. कालिंदीकाकूंच्या टाचेचं ऑपरेशन झालंय. त्यांच्यासारख्या आणखी आहेत. कडक बसवला तर त्या येणंच सोडतील."

मीराबाईंची नजर गॅरेजच्या दाराशी उभ्या असलेल्या टॅक्सीकडे गेली. त्यांनी विचारले, "ती टॅक्सी उभी हाय, तिचा कडक हाय का रे?"

हितेंद्रने दार उघडून दिले. इंजिन बंदच होते. मीराबाईंनी चपला बाहेर काढल्या, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि पेडल दाबले. त्यांचा जबडा आवळला. एक हात गुडघ्यावर गेला. पेडल तळाला टेकले. मग त्यांनी सवयीने पाऊल अर्धवट सैल सोडले, तसे पेडलने ते वर लोटून दिले.

"मेला पाय ठेवूच देत नाय!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा दाबले. पुन्हा. कपाळावर घाम आला तरी त्या थांबल्या नाहीत.

रुपाली हितेंद्रकडे वळली. "मऊ बसव."

टॅक्सीतला पाय थांबला. मीराबाईंनी काचेतून तिच्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता; पण त्या आता उठून निघून जातील आणि पुन्हा येणार नाहीत, हे रुपालीला स्पष्ट दिसले.

"आणि मावशी, या गाडीत तुम्ही उद्यापासून बसायचं नाही. आपण टेम्पोवर शिकायचं. परीक्षाही त्याच्यावरच द्यायची."

"टेम्पोवर?" हितेंद्र म्हणाला. "मॅडम, या गाडीसारखा तुमच्या बाजूला तिथे ब्रेक नसेल."

"माहीत आहे."

"तुला येतो टेम्पो?" मीराबाईंनी विचारले.

"नाही," रुपाली म्हणाली. "मी कधी टेम्पोत बसलेसुद्धा नाही. आधी मला शिकावा लागेल."

मीराबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच खाली उतरल्या, पदराने सीट पुसली आणि दार धरून उभ्या राहिल्या.

रुपाली बसली. तिने पेडल दाबले. ते तिच्या अंदाजापेक्षा आधीच अडले. पोटरीला ताण बसला आणि तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले.

मीराबाई पलीकडच्या दाराने आत येऊन शेजारी बसल्या.

"भिऊ नको," त्या म्हणाल्या. "मी हाय ना बाजूला."