तिसऱ्या नावापुढची खूण

आई भरलेली बॅग शेजारी ठेवून दारातच बसली होती. अंगावर बाहेर जायची साडी, पायात चपला, तोंड फाटकाकडे. तो नुकताच आरोग्य केंद्रातून आला होता. खिशात तपासणीचा कागद होता आणि हातात गोळ्यांचं पाकीट.

"एक तर ती डुकरं राहतील, नाहीतर मी," हे आईचं पालुपद महिनाभर चाललं होतं. आज तिने ते खरं केलेलं दिसत होतं. तिच्याकडे न बघताच तो आत गेला.

आईचा राग उगाच नव्हता. त्याच्या बायकोला दोनदा आकडी आली होती. इस्पितळात डोक्याचा फोटो काढला, तर मेंदूत डुकरांच्या जंताच्या गाठी निघाल्या. डुकरांच्या म्हटल्यावर आईला पुढचं काही ऐकूच येईना. चाळीस डुकरं पाळणारा मुलगा तिच्या लेखी गुन्हेगार ठरला. ताटात आलेल्या डुकराशी तिचं कधी वैर नव्हतं, तो भाग वेगळा.

स्वयंपाकघर पहिल्यापासून आईचंच. आता तर तिने सुनेला विस्तवाजवळ फिरकूही दिलं नाही. औषधांनी सुनेचे हात थरथरायचे, म्हणून घासही तीच भरवायची. "मला नाही कधी असं भरवलंस," असं तो चिडवायचा, पण मनातून त्याला फार बरं वाटायचं.

शेवटी त्याने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शेडची फरशी पाहिली, खाद्य पाहिलं, एकेक डुक्कर तपासलं. "तुमची डुकरं स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "कुठेतरी अर्धंकच्चं मांस खाल्लं की हा जंत माणसाच्या पोटात वाढतो. पण डोक्यात गाठी होतात त्या जंताच्या अंड्यांनी, आणि ती अंडी पसरतात माणसाच्या न धुतलेल्या हातांनी. आधी घरातल्या माणसांना तपासा."

घरात माणसं तीन. तिघांनी शौचाच्या नमुन्याच्या डब्या केंद्रात दिल्या. आईने आपली डबी तीन पिशव्यांत गुंडाळून, वर रुमाल झाकून नेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आज कागद आला. तिसऱ्या नावापुढे खूण होती. ते नाव आईचं होतं.

बायकोने कागद उभ्याउभ्याच वाचला. तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडू येत होतं.

"कसं सांगू तिला? उन्मळून पडेल गं ती. आणि नाही सांगावं, तर डुकरं विकून मोकळं व्हायचं. मग खायचं काय?"

बायकोने कागदाची घडी करून ती पिठाच्या डब्याखाली सारली आणि ती बाहेर गेली. तोही मागोमाग गेला.

"आई, जंत माझ्याच पोटात निघाला," ती म्हणाली. "डुकरांचा काही दोष नाही. गोळी मात्र तिघांनीही घ्यायचीय."

आईने फाटकावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं माणसाने. केंद्रातल्या बाई काल येऊन सगळं सांगून गेल्यात मला."

"मग बॅग कशाला भरलीस?" त्याला काही कळेना. "मला वाटलं, डुकरांच्या रागाने निघालीस."

"डुकरांचं नाव काढू नकोस आता. मावशीकडे जाते तुझ्या." आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "इथे राहिले तर हिला भरवल्यावाचून मला राहवायचं नाही."

तिचा आवाज फुटला.

बायकोने त्याच्या हातून पाकीट घेतलं. एक गोळी काढून सासूपुढे ठेवली, पाण्याचं भांडं ठेवलं.

"महिन्याने पुन्हा तपासायचंय, असं कागदावर लिहिलंय," ती म्हणाली. "तेवढा महिना मी ह्यांच्या हातचं खाईन कसंबसं. त्यानंतर तुम्ही स्वयंपाकघरात दिसला नाहीत, तर बॅग मी भरेन."