अण्णांच्या मुठीतलं नाणं

“आज्जाचं चांदीचं नाणं माझ्याबरोबर मातीत जाऊ द्या,” एवढंच मागून अण्णा गेले. देवघराच्या डब्यात तशी दोन नाणी निघाली. एक आज्जाचं, दुसरं गड्ड्याच्या जत्रेत घेतलेलं नकली.

गिरणीतली नोकरी सुटल्यापासून घरी बसलेल्या त्यांच्या लेकाला, गुरुशांतला वाटलं, मेलेल्या माणसाला चांदी कशाला? लखलखीत नाणं खरं समजून त्यानं गुपचूप खिशात टाकलं आणि काळं पडलेलं अण्णांच्या मुठीत ठेवून माती दिली.

महिन्यानं सराफानं ते लखलखीत नाणं उलटून-पालटून पाहून परत केलं. “नकली हाय की हे. खरी चांदी काळी पडते.”

गुरुशांत पाय ओढत घरी आला. आई डोळे पुसत शेजारणीला सांगत होती,



“माझ्या लेकानं बापाचा शब्द राखला बघा.”