बायडाकाकूचं ‘न्हाई’

“न्हाई म्हंजी न्हाई,” बायडाकाकू म्हणाली आणि लालासाहेबाच्या रिकाम्या कपात आणखी चहा ओतला.

लालासाहेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काकू त्याच्या आईच्या वयाची, आणि चहा तिचाच. त्यानं कप तोंडाला लावला. समोर, अंगणापलीकडं, काकूचं रान पसरलं होतं. रान कसलं, दलदल ती! कडेनं पांढरं मीठ फुटलेलं, मधोमध पाणकणसं माजलेली आणि त्यांत दोन बगळे मालक असल्यागत उभे. एके काळी या तुकड्यात असा ऊस यायचा, की आत शिरलेला माणूस सापडत नसे. पण साऱ्या शिवारानं वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजलं, पाजलं आणि त्या पाण्यानं जमिनीच्या पोटातलं मीठ वर आणलं. काकूचं रान सगळ्यांत खोलगट, म्हणून ते आधी गेलं. आता मीठ बांध ओलांडून लालासाहेबाच्या रानात शिरलं होतं. यंदा त्याचा ऊस गुडघ्यावर आला आणि तिथंच पिवळा पडला.

इलाज होता की! जमिनीखाली भोकांच्या पायपा पुरायच्या आणि सगळ्यांच्या रानातलं खारं पाणी गोळा करून ओढ्याला सोडायचं. वरचे सगळे शेतकरी तयार होते. चर काढायचं यंत्र शिवारात येऊन उभं होतं. पण ओढ्याकडं जाणारी मोठी पाइप काकूच्या रानातनंच जाणार, दुसरी वाटच नव्हती. आणि काकू अडून बसली होती.

बरं, कारण तरी एक असावं! आधी म्हणाली, पुण्याच्या पोराला विचारते. पोरगा ऋषिराज, त्यानं फोनवर कधीच हो म्हणून टाकलं होतं. मग म्हणाली, बगळ्यांची घरटी मोडतील, तळतळाट लागंल. घरटी तर ओढ्याकडच्या बाभळीवर! मग म्हणाली, अमावास्या जाऊ दे. अमावास्या गेली. पायपांचे साहेब येऊन गेले, सरपंच येऊन गेला, भजनाच्या बायका येऊन गेल्या, वरच्या रानाचा दादासो तर कितीदा येऊन गेला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी गवत तुडवून तुडवून काकूच्या दारापर्यंत पायवाट मळली. प्रत्येकाला तिनं घोंगडं अंथरलं, गूळ-शेंगा पुढं ठेवल्या, चहा दिला. कोण बाळंत झाली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं खोदून खोदून विचारलं. आणि पहिला कप रिकामा झाला, की न्हाई. त्याच्या आधी मात्र कधीच नाही.

“काकू, यंत्र परवा कुंडलकडं चाललंय,” लालासाहेब म्हणाला. “मागनं कवा यील, देव जानं. तवर माझं रानबी तुमच्यावानी हुईल. पोरंबाळं घिऊन मी काय मीठ खाऊ व्हय?” त्याला भीती वाटत होती, खरोखरची भीती. रोज सकाळी तो बांधावर जाऊन पांढरा पट्टा किती पुढं सरकला ते बघून यायचा, आणि घरात कुणाला सांगायचा नाही.

काकूनं चहाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाली, “उद्या कोण येनार हाय?”

“कुनी न्हाई येनार!” लालासाहेब तडकला. “दमली समदी. दादासो म्हनला, आता त्या म्हातारीच्या दारात पाय ठेवायचा न्हाई.”

तो भांडायच्या तयारीनंच बोलला होता. पण काकूचा चेहरा एकदम पडला. ती भांडं घेऊन आत गेली. उघड्या दारातनं लालासाहेबाला चुलीशेजारची फळी दिसली. फळीवर धुऊन पालथे घातलेले कप होते. एकट्या बाईच्या घरात एवढे कप! सगळे नवेकोरे, काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच. त्याला उगीचच चुकल्यासारखं झालं.

काकू उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “टाका तुमची पाइप.”

लालासाहेबाचा कानांवर विश्वास बसेना. “खरं म्हनताय?”

“पर एक हाय. पाइपीत गाळ बसला का बघायला सिमेंटचा हौद करत्यात न्हवं? साहेब सांगत हुता.”

“व्हय, चेंबर. त्ये पार टोकाला घेतोय, ओढ्याजवळ. तुमाला काय तरास न्हाई.”

“टोकाला नगं. हितं माझ्या दारात करा.”

“आवं काकू, दारात?” लालासाहेब हसलाच. “डास हुतील. आनि पावसाळाभर रोज कुनीतरी यिऊन झाकन उघडनार, बघनार. लय कटकट हुईल तुमच्या जिवाला.”

“म्हनून तर दारात.” काकूनं पायवाटेकडं बघितलं. “रान खारावलं आनि ह्या वाटंला मानूस यायचा बंद झाला, लाला. तू तर बांधाला बांध लावून, पर तूबी न्हाई आलास. पायपीपायी आता कुटं वाट मळली हाय. म्या व्हय म्हनलं, तर उद्यापासनं कोण येनार?”